परमुलखातून येणाऱ्या इसमांबाबत

भंडारा जिल्ह्यात परदेशी मनुष्य दृष्टीस पडणे ही तशी दुर्मिळच गोष्ट. पवनीच्या टेकाडांतून निघालेले बौद्ध स्तूपांचे अवशेष पाहावयास क्वचित एखादा अभ्यासक येतो, नागझिऱ्याच्या वाघाच्या ओढीने निघालेला एखादा गोरा साकोलीच्या फाट्यावर मोटार थांबवून चहा मागतो आणि त्यात साखर किती घालतात हे पाहून स्तिमित होतो; याउपर आमचा परदेशाशी संबंध म्हणावा तर तुमसरच्या बाजारातून तांदूळ बाहेर जातो, डोंगरी-चिखल्याच्या खाणींतून मँगनीज बाहेर जाते, आणि मोबदल्यात बाहेरून काही येत असेलच तर ते नागपूरकर वाटेतच उतरवून घेतात. अशा जिल्ह्यातील एका लहानशा गावात, पस्तीस वर्षे तहसील कचेरीत लेखणी झिजवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्यावर महासाथीच्या काळात परकीय प्रवाशांच्या प्रवेशाचे नियम लिहिण्याची वेळ यावी, हा प्रकार माझ्या पत्रिकेत कोणत्याही ज्योतिषाने वर्तविलेला नव्हता.

आरंभ अर्थात दिल्लीत झाला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजारास महासाथ म्हणून जाहीर केले आणि त्याच दिवशी फर्मान सुटले की १३ तारखेपासून, वकिलातींची माणसे आणि असेच काही मोजके अपवाद सोडून, सर्व परकीयांचे प्रवेशपरवाने तहकूब. शिवाय चीन, इटली, इराण, कोरिया, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी या सात देशांत १५ फेब्रुवारीनंतर ज्याने पाऊल टाकले असेल, मग तो स्वकीय असो वा परकीय, त्यास चौदा दिवस वेगळे ठेवावे. मी हे कलम मारुतीच्या पारावर वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा, ज्याचा आयुष्यातील सर्वांत लांबचा प्रवास जिल्हा कचेरीपर्यंतचा, त्या आमच्या कोतवालाने अत्यंत गंभीरपणे विचारले, “बाबूजी, यातलं एकही गाव आपल्या तालुक्यात येत नाही ना जी?” मी ‘नाही’ म्हणालो. “मंग कायले भ्यायचं?” असे म्हणून त्याने तंबाखू मळावयास घेतली.

पण भीती ही तालुक्याची हद्द पाहून चालत नाही. मुंबईस परदेशाहून उतरलेल्या प्रवाशांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का उमटविण्यास सुरुवात झाल्याचे आम्ही वाचले, आणि पाठोपाठ असेही वाचले की जर्मनीहून आलेले चार प्रवासी असे शिक्के हातावर घेऊन गरीबरथ गाडीने गुजरातेकडे निघाले असता सहप्रवाशांच्या नजरेस ते शिक्के पडले आणि पालघर स्थानकावर त्या चौघांस उतरवून घेण्यात आले. शिक्क्याची शाई मतदानाला वापरतात तीच. मला या शाईचे नवल वाटते: ती बोटाच्या नखाला लागली म्हणजे मनुष्य त्या दिवसापुरता राजा ठरतो, आणि तीच चार इंच वर सरकली की त्याला गरीबरथात बसण्याचाही अधिकार उरत नाही.

२२ मार्चच्या सायंकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. इतरत्र स्टीलचा नुसता खडखडाट झाला असेल, आमच्याकडे मात्र आजीच्या रुखवतातील पितळी परातींचा असा काही गंभीर नाद निघाला की विषाणूस धातूची थोडी जरी पारख असती तरी तो वैनगंगेच्या अलीकडे येता ना. पुढे त्याच आठवड्यात परदेशाची विमाने उतरणे बंद झाले आणि टाळेबंदी लागू झाली. म्हणजे परदेशी मनुष्य येण्याची शक्यता जेव्हा सर्वस्वी संपली, नेमक्या त्याच दिवसापासून आमच्या गावास परदेशी मनुष्याचे भय वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखराजवळच्या रस्त्यावर दोन बांबू आडवे पडले, त्यांवर बाभळीच्या काट्या आल्या, आणि एवढ्यानेही समाधान न होऊन पोलीस पाटलांच्या वडिलांच्या काळची एक मोडकी बंडी आणून तिची धुरी रस्त्याच्या मधोमध टेकविण्यात आली. शेजारच्या पत्र्यावर चुन्याने लिहिले, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’. अशी नाकेबंदी आसपासच्या बहुतेक गावांनी केली होती, आणि प्रत्येक गाव आपण आतले आहोत व बाकीची सृष्टी बाहेरची आहे अशा दृढ विश्वासाने आपापल्या बांबूमागे बसले होते. सायंकाळी समिती नेमली गेली. सरपंच अध्यक्ष, पोलीस पाटील, आशाताई व शाळेचे गुरुजी सभासद, आणि कचेरीचा अनुभव असल्यामुळे चिटणीस मी. “नियम असे पक्के लिहा जी बाबूजी,” सरपंच म्हणाले, “का वकिलाले बी भोक सापडलं नाही पाहिजे.”

ती रात्र मला आठवते. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी माझ्यासमोर कोरा ताव, बाजूला टाक नसला तरी चांगले पेन, आणि डोक्यात ‘इसम’, ‘मजकूर’, ‘दाखल’, ‘मुचलका’, ‘हरकत’ असे शब्द पेन्शनीत निघालेल्या घोड्यांप्रमाणे बिगूल ऐकून कान टवकारून उभे. पूर्वी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जावयाचे तर दस्तक घ्यावे लागे, वाटेत राहदारी भरावी लागे. हे शब्द आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरले अशी माझी समजूत होती. ती किती भ्रामक होती हे मी लिहिलेले पहिले कलमच सांगेल: ‘परमुलखातून येणाऱ्या कोणत्याही इसमास मौजे मजकुरी समितीच्या परवानगीवाचून दाखल होता येणार नाही.’ ‘कोणत्याही’ या शब्दाखाली मी पट्टी धरून रेघ मारली. पुढे या रेघेने माझे काय केले ते यथावकाश सांगेन.

वाद परमुलखाच्या व्याख्येवरून पेटला. सरपंचांच्या मते नागपूर हा परमुलूख. ते तर उघडच होते, कारण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून ते साठेक किलोमीटरवर आणि तिथे आजार होता. पोलीस पाटलांच्या मते नदीपलीकडचे प्रत्येक गाव परमुलूख. यावर उपसरपंच उठून उभे राहिले, कारण त्यांची सासुरवाडी नदीपलीकडची आणि सौभाग्यवती त्या क्षणी तिकडेच होत्या. त्यांस परकीय ठरविल्यास भाकरी कोण भाजणार, असा त्यांचा सवाल होता. गुरुजींनी इतिहास काढला. म्हणाले, हा आपला जिल्हा देवगडच्या गोंड राजांचा होता, मग नागपूरकर भोसल्यांचा झाला, मग इंग्रजांच्या मध्यप्रांतात गेला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जागचा तसूभरही न हलता ज्या मातीने इतके मुलूख बदलले तिच्यावर बसून आपण परमुलूख कोणता ते कसे ठरविणार? हा युक्तिवाद मला पटला, कारण १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझ्या मेव्हण्याचे घर एका रात्रीत परजिल्ह्यात गेले होते. तेव्हा आम्ही त्याची थट्टा केली, आणि आता त्याला भेटावयाचे तर पोलिसांचा ई-पास लागत होता. पण समितीत युक्तिवाद पटून काही उपयोग नसतो. अखेरीस व्याख्या ठरली ती अशी: ‘परमुलूख म्हणजे बांबूच्या पलीकडील सर्व प्रदेश.’ याहून निर्दोष व्याख्या परराष्ट्र खात्यासही सुचली नसती.

मग अपवाद. शेजारच्या गावचा दूधवाला परकीय, पण दूध परकीय नाही. म्हणून दुधाची किटली बांबूला अडकवून आत घ्यावी व दूधवाल्याने बाहेरच राहावे. पोस्टमन परकीय, परंतु पेन्शनचे पैसे घेऊन येत असल्यास तेवढ्या वेळेपुरता स्वकीय. गुराढोरांस नियम लागू नाही. न्हाव्यास लागू. मोहाच्या दारूचा उल्लेख मुद्दामच कुठे केला नव्हता, कारण ती कधी कोणत्या नाक्याने आली नाही आणि कोणत्या नाक्याने अडली नाही. टाळेबंदीत सरकारमान्य दुकाने कुलूपबंद असताना आमच्या पंचक्रोशीत नियमितपणे दाखल झालेली ती एकमेव परकीय वस्तू होय.

मुदतीचा प्रश्न गुरुजींनी विद्वत्तेने अधिकच बिकट केला. त्यांनी सांगितले की समुद्रपार रगुसा नावाच्या बंदरात १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांस महिनाभर वेगळे ठेवीत, पुढे व्हेनिसकरांनी त्याचे चाळीस दिवस केले, आणि चाळीस या त्यांच्या शब्दावरूनच क्वारंटाइन हे नाव पडले. चाळीस हा आकडा ऐकताच सरपंचांचे डोळे लकाकले. मी घाईघाईने सरकारी परिपत्रक पुढे केले. सरकार चौदा म्हणत होते. तेव्हा पोलीस पाटलांनी वडिलोपार्जित पद्धत सांगितली: येण्याचा दिवस धरायचा नाही, सुटण्याचा दिवस धरायचा नाही, म्हणजे चौदाचे सोळा झाले, आणि कायद्याचाही मान राहिला. एका सभासदाच्या मते सुतक दहा दिवसांचे, तेवढ्यात घरातला मृत्यूदेखील फिटतो, मग जिवंत माणसाला सोळा दिवस कशाला? यास कोणी उत्तर दिले नाही.

एकूण कलमे अकरा झाली. चौथे कलम असे की शाळेत ठेवलेल्या इसमास घरचा डबा दिवसातून एकदाच मिळेल, कारण दोनदा डबा आला की दोनदा बोलणे होते. सातवे असे की मुदत संपल्याची नोंद चिटणिसाच्या सहीने वहीत झाल्यावाचून कोणीही मुक्त समजला जाणार नाही. नववे मी कचेरीच्या संस्कारामुळे घातले: कोणीही इसम स्वतःच्या प्रकरणात स्वतः सही करणार नाही. मला माझ्या या कृतीचा अभिमान वाटला, नाही असे नाही. तो जरा ओसरला, जेव्हा गुरुजींनी सांगितले की ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याखाली हे सारे चालले होते, तो मुंबईच्या प्लेगासाठी इंग्रजांनी घाईने केलेला कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. इंग्रजास अखिल हिंदुस्थानासाठी चार कलमे पुरली. मला एका गावासाठी अकरा लागली.

त्या प्लेगाच्या आणि पुढे १९१८ च्या मानमोडीच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्या होत्या. त्या काळी साथ आली की माणसे गाव सोडून वावरात झोपड्या घालून राहत. गाव आजाराच्या हवाली करून माणसे बाहेर पडत. आम्ही उलट केले. गाव धरून बसलो आणि माणसे बाहेर ठेवली.

ती माणसे कोण होती हेही सांगितले पाहिजे, मग पुढे हसता येईल. मिरची तोडावयास तेलंगणात गेलेले मजूर, पुण्याच्या कारखान्यांतली पोरे, नागपुरात बांधकामावर असलेली जोडपी. महामार्गावरून छत्तीसगडाकडे आणि ओडिशाकडे चालत जाणाऱ्यांचा ओघ चालूच होता. त्यातून आमची आमच्याकडे वळली. मे महिन्याच्या दुपारी ती बांबूपाशी येऊन उभी राहत. आशाताईंना जिल्ह्याहून कपाळाला रोखून ताप पाहावयाचे पिस्तूल मिळाले होते, परंतु नवतप्याच्या उन्हात आठ-दहा कोस चालून आलेल्या कोणाचेही कपाळ त्या यंत्रास निरोगी वाटेना. तेव्हा प्रत्येकाला मोहाच्या सावलीत दहा मिनिटे निववून मग मोजावे, असे बारावे कलम, न लिहिता, आशाताईंनीच अमलात आणले. माझ्या अकरांपेक्षा ते बरे होते.

परदेशी प्रवाशाचा खरा खटला जूनमध्ये उभा राहिला. माझा पुतण्या दुबईस नोकरीला. ७ मेपासून ‘वंदे भारत’ नावाने सरकारने परदेशी अडकलेल्यांची विमाने आणावयास सुरुवात केली, त्यातल्या एकाने तो मुंबईस उतरला. २४ मेचे केंद्राचे नियम त्यास लागू होते: सात दिवस सरकारने नेमलेल्या जागी स्वखर्चाने आणि पुढचे सात दिवस घरी, गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजारी, दहा वर्षांखालील मुलांचे आईबाप यांना चौदाही दिवस घरी राहण्याची मुभा. पुतण्या यांपैकी काहीच नसल्यामुळे त्याने सात दिवस मुंबईच्या एका हॉटेलात स्वतःच्या पैशाने कैद भोगली, हातावर शिक्का घेतला, ई-पास काढला, भाड्याच्या मोटारीने नागपूर गाठले, रात्र झाली म्हणून सासुरवाडीस मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमच्या बांबूपाशी हजर झाला. सोबत कागदांचे भेंडोळे होते. भारत सरकारने त्यास आत घेतले होते, महाराष्ट्राने घेतले होते, जिल्ह्याच्या हद्दीवरील नाक्याने घेतले होते.

समिती झाडाखाली बसली. दुबईचे सात दिवस झाले हे सर्वांस मान्य. परंतु ते सात दिवस त्याने काढले कुठे? मुंबईत. आणि त्या जूनमध्ये मुंबईइतका आजार देशात फार थोड्या ठिकाणी होता. म्हणजे दुबईचा दोष फिटता फिटता मुंबईचा लागला. तो मोजावयास घ्यावा तर मध्ये नागपूर. कलमाच्या नजरेने पाहता या मनुष्याची मुदत रोज नव्याने सुरू होत होती आणि तो जितका घराजवळ येत होता तितका अधिक परकीय होत होता. इथे आमच्या गावचे वृद्ध भटजी, जे समितीचे सभासद नव्हते पण दहा हातांवर दगडावर बसून सर्व ऐकत होते, त्यांनी हात वर केला. त्यांनी निर्णयसिंधूचा हवाला दिला. कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथात आशौचसंपाताचा विचार आहे: एक सुतक चालू असता त्यातच तशाच प्रकारचे दुसरे सुतक आले तर पहिल्याबरोबर दुसरेही संपते. त्या न्यायाने दुबईच्या चौदात मुंबई आली, मुंबईत नागपूर आले. दुबईचे चौदा संपले की सगळेच संपले, उरले फक्त सात. पोर घरी जाऊ द्या.

मला वाटते, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एकाही परिपत्रकात इतका सुबोध विचार मी वाचलेला नाही. परंतु पोलीस पाटलांनी विचारले, “सुतक पसरते का जी, महाराज?” भटजी गप्प झाले. निर्णय शाळेचा झाला. चौदा दिवस, म्हणजे आमच्या गणिताने सोळा.

पुतण्याने भेंडोळे गुंडाळले. “काका,” तो मला म्हणाला, “दुबईहून मुंबईला यायला तीन तास लागले. आणि या बांबूपासून आपल्या ओट्यापर्यंत चारशे पावलं आहेत.” मी त्यास समजावले की आपल्या लोकांत समुद्र ओलांडून येणाऱ्याचे असेच असते, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेहून परतलेल्यांस प्रायश्चित्त घेऊन पंचगव्य प्यावे लागे. फरक इतकाच की तेव्हा जे काही द्यावयाचे ते तोंडावाटे पोटात देत, आणि आता नाकातून काडी घालून मेंदूची खुशाली विचारतात. तो हसला नाही. शाळेच्या दिशेने चालू लागला. वहीत मी नोंद केली: ‘इसम, वय ३१, दुबई, मुंबई, नागपूर, लक्षण नाही.’

जुलैत माझ्या डोळ्यांनी दगा दिला. उजव्या डोळ्यापुढे धूर येऊ लागला, तालुक्याच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवा म्हटले. मी रीतसर ई-पास काढला, सकाळी गेलो, डोळा दाखविला, तोंडावरची पट्टी पाणी प्यावयासदेखील काढली नाही, आणि दिवे लागणीस परत आलो. कोतवाल बांबूपाशी बसला होता. मी उतरून नेहमीच्या सवयीने बांबू उचलू लागलो तोच तो उभा राहिला. “थांबा जी बाबूजी.” त्याने पत्र्याच्या खोपटात टांगलेला ताव आणला, मोबाइलचा दिवा त्यावर धरला आणि बोट ठेवले. अक्षर माझेच होते. बोट ‘कोणत्याही’ या शब्दाखालच्या रेघेवर होते.

“अरे, मी चिटणीस आहे,” मी म्हणालो.

“चिटणीस बी इसमच आहे न जी,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. उलट एखाद्या आजाऱ्याशी बोलावे तशी काळजी होती, त्यामुळे ते अधिकच लागले. सरपंचांना फोन केला तर त्यांनी फोन उचलून दोनदा खोकल्यासारखे केले आणि ठेवून दिला.

इयत्ता तिसरीच्या खोलीत माझी व्यवस्था झाली. आयुष्याच्या सत्तराव्या वर्षी मनुष्य तिसरीत जाऊन बसतो तेव्हा काही गोष्टी नव्याने दिसतात. खोलीत एक सतरंजी, एक माठ, तीन बाके भिंतीला लावलेली, आणि भिंतींवर रंगाऱ्याने ऑईलपेंटने काढलेली सुभाषिते, महाराष्ट्राचा नकाशा व पाढे. नकाशात आमचा जिल्हा अगदी उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या जोडाजवळ, जिथे ओल उतरते तिथे. त्यामुळे पोपडा निघून अर्धा लाखांदूर तालुका नाहीसा झालेला. बाहेर रोवणीचे दिवस. दिवसभर बांध्यांतून चिखल तुडविण्याचा आवाज आणि बायकांची गाणी, रात्री बोडीतल्या बेडकांची. माझ्या स्वतःच्या अडीच एकरांत पऱ्हे लागत होते आणि मी खिडकीच्या गजातून ते दुसऱ्याच्या वावरासारखे पाहत होतो. दुपारी बारा वाजता घरून डबा येई. भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, एखादी भाजी. सौभाग्यवती चुन्याच्या रेघेवर डबा ठेवून मागे सरत. पहिल्या दिवशी मी म्हटले, संध्याकाळीही थोडे पाठवा. “चवथं कलम,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या. घरात आजवर माझे एकही लेखन त्यांनी वाचले नव्हते. हे मात्र पाठ होते.

पाचव्या दिवशी मला सतराच्या पाढ्यात चूक सापडली. सतरा नवे येथे रंगाऱ्याने १४३ लिहिले होते. मी तो पाढा पुन्हा मोजला, मग इतर सर्व पाढे तपासले, तीसपर्यंत. एकूण एकच चूक. गुरुजींना खिडकीतून सांगितले. ते म्हणाले की रंगाऱ्याचे बिल मंजूर झालेले आहे, आता दुरुस्तीसाठी स्वतंत्र प्रस्ताव लागेल. त्या क्षणी मला बाहेरचे जग पूर्ववत चालू असल्याची खात्री पटली.

सतराव्या दिवशी सकाळी, आमच्या गणिताने मुदत उलटल्यावर, मी सतरंजी गुंडाळली आणि घरी गेलो.

पुढे देशाच्या दारावरील नियम मी व्यावसायिक आस्थेने वाचीत राहिलो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या अकरा कलमांची मला लाज वाटेनाशी झाली. २०२० च्या ऑगस्टात प्रवाशांसाठी संगणकावर भरावयाचा घोषणापत्राचा तक्ता आला आणि शहाण्णव तासांच्या आतील तपासणीचा दाखला असला तर हॉटेलातून सूट मिळू लागली. पुढल्या फेब्रुवारीत तो दाखला बहात्तर तासांच्या आतला लागू लागला. एप्रिल २०२१ विषयी विनोद करावा अशी माझी छाती नाही. त्या वर्षी ऑगस्टच्या ६ तारखेस आमच्या जिल्ह्यात उपचाराखाली एकही रुग्ण उरला नाही आणि असा हा राज्यातला पहिलाच जिल्हा म्हणून पेपरात नाव आले, तेव्हा पोलीस पाटलांनी बांबू जिल्ह्याच्या हद्दीवर नेऊन लावण्याचा विचार बोलून दाखविला होता. ऑक्टोबरात विलायत सरकारने आपल्या कोविशील्डच्या दाखल्यावर भरवसा ठेवला नाही, म्हणून आपणही विलायती नागरिकांस ४ तारखेपासून दहा दिवस घरी बसविण्याचा हुकूम काढला. आठवड्याच्या आत तिकडून माघार झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस ओमिक्रॉन आला. केंद्राने धोक्याच्या देशांची यादी केली, आणि महाराष्ट्राने त्याहून कडक नियम केले: सात दिवस संस्थेत, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी तपासणी, लगेच दिल्लीहून पत्र की आमच्या नियमांशी मेळ घाला. वर एक आणि खाली एक असे दोन हुकूम एकाच इसमावर चालू असण्याचा तो देखावा पाहून आमचे सरपंच मला म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच जी.” २७ मार्च २०२२ पासून परदेशी विमाने पूर्ववत झाली, २२ नोव्हेंबरपासून तो संगणकाचा तक्ताही सुटला, आणि पुतण्या आता वर्षातून दोनदा येतो; बांबूच्या जागी स्वागताची कमान आहे, तिच्यावर आमदारांचे छायाचित्र आहे.

बांबू मी दोडक्याच्या मांडवाला मागून आणले. समितीची वही मात्र माझ्या पेटीत आहे, कारण ती कोणाकडे सुपूर्द करावी याचे कलम मी लिहिले नव्हते. परवा ती काढून पाहिली. एकंदर शहात्तर नोंदी. पंचाहत्तरांपुढे ‘मुदत संपली, मुक्त’ असा शेरा आणि माझी सही आहे. शहात्तरावी नोंद माझी. तिच्यापुढे रकाना कोरा, कारण सातव्या कलमान्वये चिटणिसाची सही हवी आणि नवव्या कलमान्वये मला ती करता येत नाही. १ डिसेंबर २०२१ रोजी खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले. आमच्याही शाळेत तिसरीची मुले आपल्या खोलीत परत आली आणि १४३ म्हणू लागली. दप्तरी नोंदीप्रमाणे मी अद्याप त्याच खोलीत आहे.